सुईच्या उजव्या हाताला किती जागा?

मुलानं पुण्याहून पाठवलेला पहिला फोटो मी हिला दाखवला. क्विल्टिंग मशीन म्हणून मोबाईलवर शोधलं की जे समोर येतं तेच त्यानं पाठवलं होतं. आठ फूट रुंदीचा लोखंडी सांगाडा, ओळीनं लावलेल्या सुया, मागं कापडाचे तागे. हिनं चष्मा कपाळावर नेऊन बघितलं आणि म्हणाली, "हे ठिवायचं कुठं, अन् आपण निजायचं कुठं?"

ती गाद्यांच्या कारखान्यातली मशीन होती. पोराची चूक नाही. गोधडीची मशीन असा शब्दच दुकानात कुणाला माहीत नाही. तुम्ही गोधडी म्हणालात की लोक तुम्हाला रजईवाल्याकडं पाठवतात. रजई वेगळी, तिच्यात पिंजलेला कापूस असतो. आमच्याकडची गोधडी, वाकळ म्हणतो आम्ही तिला, म्हणजे जुनेराचे थर आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा, मध्ये कापूस-बिपूस काही नाही.

मी एसटीत एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. घर परभणीत. शिवणातलं मला काडीचं कळत नव्हतं, ते खातं हिचं. पण मशीन म्हटलं की आपल्याला कळतं, असा माझा समज होता. गेल्या वर्षी आषाढापासून दिवाळीपर्यंत आम्ही मशीन शोधत होतो. काय बघितलं आणि माझं कुठं चुकलं ते लिहून ठेवतोय, कुणाच्या घरी गोधडी शिवणारं माणूस असेल तर त्याचे चार पैसे आणि एक-दोन भांडणं वाचतील.

सुरुवात हिच्या अंगठ्यापासून झाली. उजव्या अंगठ्याचा बुडातला सांधा दुखायला लागला. पाच बाय सातची गोधडी हातानं शिवायला हिला रोजची दुपार धरून दीड महिना लागतो, कारण टाका गव्हाच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, सुई कमी करा. हिनं विचारलं, कमी म्हणजे किती? ते हसले आणि गोळ्या लिहून दिल्या. इकडं कपाटात माझ्या आईची दोन इरकली लुगडी नऊ वर्षं पडून होती आणि पुतणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. तिला आज्जीच्या लुगड्यांची वाकळ द्यायची, हे हिनं ठरवून टाकलेलं. माझ्या आईनं हिला एकदाही नीट शिकवलं नव्हतं, नुसतं "दोरा वढू नको" एवढंच म्हणायची. तरी त्या लुगड्यांवर हिचा माझ्यापेक्षा जास्त जीव.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. लुगडं नऊ वार, म्हणजे साधारण ८.२ मीटर. पन्हा ४५ इंच. पाच फुटांचे तुकडे काढले तर एका लुगड्यातून पाच निघतात, वर दोन फुटांचं धडपं उरतं. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की ९० इंच, म्हणजे साडेसात फूट लांबी मिळाली. झाला एक थर. दोन लुगड्यांचे दहा तुकडे, दहा तुकड्यांचे पाच थर. कागद हिच्यापुढं ठेवला. ही म्हणाली, "दोन लुगड्यांत एक वाकळ. आत्याबाई कवाच्या सांगून गेल्यात. त्याला कागद कामून लागतो?" आत्याबाई म्हणजे माझी आई.

घरात मशीन नव्हती असं नाही. हिच्या आईकडून आलेली काळी हातमशीन आहे. तिला मी पुढं पाय आणि पट्टा बसवून दिला. तिच्या बुडाशी ठोकलेला नंबर इंग्रजी वाय अक्षरानं सुरू होतो. मुलानं त्यावरून शोधून काढलं की ही सिंगरची, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. तो कारखाना १८८५ साली उघडला आणि १९८० साली बंद झाला. हिच्या घरी सांगतात की निजामाच्या राज्यात कुणीतरी ती हैदराबादेहून बैलगाडी आणि रेल्वे करत आणली होती. कारखाना जाऊन चाळीस वर्षं उलटली तरी तिचा बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, परभणीच्या गांधी पार्कातल्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. कारण सिंगरची ती पंधरा नंबरची घडण पुढं सगळ्यांनी उचलली. आपल्या घराघरांतल्या काळ्या मशीनी त्याच वळणाच्या आहेत. एसटीत आम्ही हेच बघायचो. गाडी किती भारी आहे ते नंतर, आधी तिचा सामान डेपोत मिळतो का ते सांगा.

मग हिच्यावरच गोधडी का नाही? पहिला प्रयोग आम्ही तोच केला, जुन्या चादरींवर. पाच थर सुईजवळच्या, कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली घातले आणि सरळ टीप मारत नेली. दोन हात लांबीची ओळ संपली तेव्हा वरचं कापड बोटभर उरलं आणि शेवटाला चुणी पडली.

ही नशिबाला बोल लावायला लागली. मी मशीनच्या खाली डोकं घातलं. गोष्ट साधी आहे. सुईखालच्या प्लेटमधून दात वर येतात आणि कापडाला मागं ढकलतात. ते फक्त खालच्या थराला धरतात. वरून दाबलेला पाय मात्र नुसता बसून असतो, त्याला सरकणं माहीत नाही. एकेरी-दुहेरी कापडाला फरक पडत नाही. पाच थर असले की खालचा दातांबरोबर निघून जातो, वरचा पायाला अडून मागं राहतो आणि मधले तिघं आपापल्या मर्जीनं. क्लच प्लेट घासली की इंजिन फिरतं आणि गाडी रेंगाळते, अगदी तसं.

यावर इलाज आहे, त्याला वॉकिंग फूट म्हणतात. या पायाला स्वतःचे दात असतात, वरून. बाजूला एक चिमटा असतो, तो सुई धरणाऱ्या स्क्रूवर बसतो. सुईचा दांडा वर-खाली झाला की चिमट्यामुळं वरचे दातही उचलले जातात, टेकतात, मागं सरकतात. मग वरचा थर आणि खालचा थर एका पावलानं चालतात. मी लगेच ऑनलाइन मागवला.

आला तो बसेना. पाय आधीच प्लेटला टेकायचा, आणि दांडा पूर्ण खाली यायचाच नाही. विकणाऱ्यानं "सगळ्या मशीनला चालतो" असं लिहिलं होतं. पाकीट उघडलं म्हणून परत घ्यायला तयार नाही. तीन आठवडे मेसेज, फोटो, पुन्हा मेसेज. शेवटी मी ट्रंकेतून व्हर्नियर काढला, जो निवृत्त झाल्यापासून उघडला नव्हता. पाय खाली सोडून, प्लेटपासून पायाच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजलं. आमच्या मशीनचं अंतर १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. आलेला पाय सव्वा इंचाच्या दांड्यासाठी होता. घरगुती काळ्या मशीनी बुटक्या दांड्याच्या, कारखान्याच्या उंच दांड्याच्या, एवढाच घोटाळा. व्हर्नियर नसला तरी चालेल, शाळेची पट्टी लावा, पण मोजल्याशिवाय पाय मागवू नका. दुसरा मागवला तो पाऊण इंचाचा, आणि त्यानं चादरींची ओळ चुणी न पडता शेवटपर्यंत गेली. मला वाटलं संपलं. मशीन घ्यायची गरजच नाही.

ही म्हणाली, "आता मधली वळ मारून दावा."

गोधडीची रुंदी ६० इंच. मधोमध टीप मारायची तर ३० इंच सुईच्या डावीकडं आणि ३० इंच उजवीकडं. डावीकडं मोकळं आहे, मशीनच्या उजव्या अंगाला मात्र तिचा खांब उभा. सुई ते खांब, मी मोजलं, साडेसहा इंच. त्या साडेसहा इंचांत तीस इंच कापड गुंडाळी करून कोंबायचं. हिनं त्या जागेला बोगदा असं नाव ठेवलं आणि आता घरात सगळे तेच म्हणतात. गुंडाळी मावते, मावत नाही असं नाही. पण ती आत बसली की हात घालायला जागा उरत नाही, कापड पुढं न्यायचं म्हणजे नवरदेवाची घोडी ओढल्यासारखं, आणि कोपऱ्यावर वळवायचं तर विचारूच नका. अर्ध्या तासात हिचा अंगठा पहिल्यापेक्षा जास्त सुजला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की मी दोन महिने मोटर, टाक्यांचे प्रकार आणि किंमत यांच्या याद्या करत होतो, आणि यादीतला पहिला आकडा बोगद्याचा असायला पाहिजे होता.

घरगुती साध्या मशीनींचा बोगदा साडेसहा-सात इंच. खास क्विल्टिंगसाठी म्हणून ज्या घरगुती मशीनी निघतात, त्यांचा साधारण आठ ते अकरा इंच. आणखी एक प्रकार असतो, त्यात गोधडी ताणून चौकटीवर बांधायची आणि मशीनच रुळांवर पुढं-मागं फिरवायची. त्याचा बोगदा दीड फुटापासून पुढं, पण त्याला एक आख्खी खोली लागते. त्यावर आम्ही बोललोसुद्धा नाही.

भाद्रपदात सकाळची मराठवाडा एक्सप्रेस धरून आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरला गेलो. हिनं पिशवीत एक नमुना घेतला होता, मशीन घेणाऱ्या प्रत्येकानं असा करून न्यावा. वीतभर चौरस, जुन्या लुगड्याचे पाच थर. मधोमध हिनं मुद्दाम चार काठ एकत्र येतील अशी जोड दिली होती, तिथं जाडी दुप्पट होते. त्या जागेला ही चौफुली म्हणते. एका कोपऱ्यात नातवाच्या फाटक्या जीन्सचं थिगळ. खऱ्या गोधडीत जे जे आडवं येतं ते सगळं त्या वीतभरात.

दुकानदार भला होता. त्यानं कोरं, खळ लावलेलं पांढरं कापड घेतलं आणि त्यावर मशीननं वेल काढली, पानं काढली, एक बदकांची रांग काढली. ही बघत राहिली. मग पिशवीतून नमुना काढून त्याच्यापुढं धरला. "बदकं ऱ्हाऊ द्या. ह्याच्यावर सरळ टीप मारा."

मशीन चौफुलीपर्यंत छान गेली. तिथं मोटर गुणगुणली आणि सुई थांबली. त्यानं हातानं चाक फिरवून पुढं नेली, म्हणाला, जाड जागी थोडं असं करावं लागतं. ही मला हळूच म्हणाली, "एका वाकळीत अशा चौफुल्या किती येतात, मोजल्यात का?"

त्याच दुकानात दुसऱ्या मशीननं नमुना निभावला, ते सांगायला पाहिजे. तिच्यात दोन गोष्टी हिला मनापासून आवडल्या. दात खाली पाडायचा खटका होता. दात पडले की कापड आपल्या हातानं हवं तसं फिरवायचं, मग गोल, कोयरी, वेल काहीही. टाका लहान की मोठा हे मग मशीन ठरवत नाही, हाताचा वेग ठरवतो. आणि दुसरं, पेडलवरून पाय काढला की सुई कापडात रुतूनच थांबायची. वळताना जागा सुटत नाही. तिचा बोगदा मात्र सात इंचांचा. मोठ्या बोगद्याच्या परदेशी मशीनींची चौकशी केली तर भाव लाखाच्या पुढं सांगितला, मागवून घ्यावी लागेल म्हणाले, आणि दुरुस्तीला मुंबई नाहीतर पुणे. सामान डेपोत मिळतो का, हा माझा जुना प्रश्न. विषय संपला.

परतीच्या गाडीत मला एक नामी कल्पना सुचली. म्हणजे तेव्हा तशी वाटली.

माझ्या जुन्या सोबत्याच्या भाच्याचं जिंतूर रोडला सीटकव्हरचं दुकान आहे. रेक्झिन, फोम, अस्तर सगळं एकदम शिवणारी मशीन. तिच्यात नुसते दात हलत नाहीत, पाय हलतो आणि सुईसुद्धा कापडात रुतलेली असतानाच मागं सरकते. तिघं मिळून माल ओढतात. थर सरकायचा प्रश्नच नाही. बोगदा दहा इंच. यंत्र म्हणून मी तिच्या प्रेमात पडलो हे कबूल करतो. मी हिला मुद्दाम घेऊन गेलो.

नमुना एका दमात पार झाला. चौफुली कुठं होती तेही कळलं नाही. मी हिच्याकडं विजयानं बघितलं. ही नमुना खिडकीपाशी घेऊन गेली, उजेडाला धरला आणि माझ्या हातात दिला. टीपेच्या दोन्ही बाजूंनी दातांच्या खुणा, पायाखाली कौलं उमटावीत तशा. आणि प्रत्येक टाक्याला एक भोक, त्या भोकाच्या कडेला तुटलेले धागे. तिथं बावीस नंबरची सुई होती. सुयांवर दोन आकडे असतात, १६/१००, २२/१४० असे. त्यातला मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. सोळा नंबर एक मिलिमीटर, बावीस नंबर १.४. रेक्झिनला ते चालतं. तीस वर्षं धुतलेल्या लुगड्याचा धागा विरलेला असतो, तो तेवढ्यानंही उसवतो.

"ही आत्याबाईची वाकळ हाय का एसटीचं शीट?" ही म्हणाली. भाचा हसू दाबत होता. मी चहा मागवला.

शेवटी मशीन सापडली ती आमच्या मिस्त्रीमुळं. तो काळ्या मशीनीला तेल-पाणी करायला वर्षातून एकदा येतो. बोगद्याची रड ऐकून म्हणाला, काका, जुकी बघा की. आपल्याकडं कारखान्याच्या सरळ टीपेच्या मशीनीला, कंपनी कुठलीही असो, जुकीच म्हणतात. शर्ट, ड्रेस, युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडं असते तीच. दुकान बंद केलेल्या एकाकडं दोन विकायला होत्या. या मशीनी सरळ टीपेशिवाय काही करत नाहीत. झिगझॅग नाही, काजं नाहीत, बदक तर नाहीच. पण बोगदा दहा इंच, पाय गुडघ्यानं उचलता येतो म्हणजे दोन्ही हात कापडावर राहतात, आणि मशीन टेबलाच्या फळीत बुडवलेली असते, त्यामुळं कापड सपाट चालतं. घरगुती मशीन टेबलावर ठेवली की ती तीन-चार इंच उंच बसते, गोधडी त्या पायरीवरून खाली लोंबते आणि तिचं वजन सुईला ओढतं. टाके मग कधी लांब, कधी आखूड. सुई तुटते तीही बहुतेक याचमुळं.

दोनांतली एक हलक्या कापडाची, दुसरी जाड कापडाची होती. जाडवालीच्या नंबरमागं इंग्रजी एच असतो, तिचे दात भरड, पाय जास्त उचलतो. मी अर्थातच जाडवालीकडं गेलो. सीटकव्हरच्या दुकानातून काहीच शिकलो नव्हतो. हिनं दोन्हींवर नमुना चालवला, सोळा नंबरची सुई लावून, आणि हलकी-मध्यम कापडाची निवडली. चौफुलीवर तिनं जरा आवाज केला पण थांबली नाही, आणि कापडावर खूण नाही. टेबलासकट साडेसोळा हजार.

तिला जुनी क्लच मोटर होती. बटण दाबलं की मोटर सतत घोंघावत राहते, टाका मारा नाही तर मारू नका, आणि पेडलला पाय लागला की सुई उडी मारते. या मशीनी मिनिटाला चार-पाच हजार टाके मारायच्या घडणीच्या. हिनं पहिल्यांदा पेडल दाबलं आणि दोन्ही हात वर केले. मी क्लच मोटर काढून सर्वो मोटर बसवली. ती पेडल दाबलं तरच फिरते, आवाज नाही, आणि जास्तीत जास्त वेग किती हे आधीच बांधून ठेवता येतं. आम्ही तो पार तळाला ठेवलाय. सुई खाली थांबायची सोयही तिच्यात मिळाली, हिला दुकानात आवडलेली. जुकी घेणाऱ्यांनी या मोटरचे पाच-सहा हजार आधीच हिशेबात धरावेत. डाव्या अंगाला कॉट सरकवली आणि टेबलाच्या उंचीला येईपर्यंत तिच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले. गोधडी आता कॉटवर पसरलेली असते, लोंबत नाही.

आता खरी गंमत. आमच्याकडं वाकळ कडेकडेनं शिवतात. कडेला एक चौकट, तिच्या आत बोटभर अंतरानं दुसरी, मग तिसरी, असं फिरत फिरत मध्याला जायचं. मी मनात म्हटलं, वा! कड उजव्या हाताला ठेवून शिवलं तर बोगद्यात फक्त तेवढीच पट्टी जाते जी शिवून झालीय. दहा इंचांपर्यंतच्या सगळ्या चौकटी न गुंडाळता, सपाट. बाकीचं धूड डावीकडं कॉटवर लोळत पडलेलं. प्रत्येक चौकटीला फक्त चार वळणं. आईच्या पिढीनं जणू आमच्या मशीनसाठीच ही रीत काढली होती.

जुन्या चादरींवर पहिली गोधडी तशी शिवली. सात चौकटी झाल्या आणि मध्यभाग फुगला. अगदी पोट सुटल्यासारखा. हात फिरवावा तिकडं कापड पळायचं आणि दुसरीकडं वर यायचं. हातानं शिवताना ही दर टाक्याला तळव्यानं कापड सारखं करत जाते, म्हणून झोळ कुठंच साठत नाही. मशीन सारखं करत नाही, ती ढकलत नेते. कडेनं सुरू केलं तर प्रत्येक ओळ थोडं थोडं कापड मध्याकडं ढकलते आणि शेवटी त्याला जायला जागा राहत नाही. नंतर मोबाईलवर बघितलं तर परदेशातल्या बायका मध्यापासूनच सुरू करतात, बाहेर बाहेर जातात. त्यांना मोठा बोगदा लागतो तो यासाठी.

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. गोधडी तशीच फुगलेली कॉटवर. तिसऱ्या दिवशी हिनं टाके उसवले आणि रीत बदलली. आधी सगळ्या थरांना चार-चार बोटांवर कच्चा दोरा, उभा आणि आडवा. ते हातानंच, पण लांब टाके, अंगठ्याला त्रास नाही. मग मशीनवर मधोमध एक उभी टीप, एक आडवी. या दोनच ओळींना गुंडाळी बोगद्यात घालावी लागते, दहा इंचांत ती घातल्यावरही हात जातो. तेवढ्यानं मध्य जागेवर बसला. मग कडेच्या चौकटी, उजव्या हाताला कड ठेवून, दहा इंचांपर्यंत. मी पायाचा दाबही कमी केला, वरचा स्क्रू दोन फेरे सैल. वरचा थर मागं राहायचं प्रमाण त्यानं निम्म्यावर आलं. टाका साडेतीन मिलिमीटर.

आणि मधला चाळीस बाय सत्तरचा जो भाग उरतो, तो ही हातानं भरते. तिथं हिचे गव्हाच्या दाण्याएवढे टाके. दीड महिन्याचं काम अठरा दिवसांवर आलं. अंगठा आठवड्यातून दोन दिवस कुरकुरतो, पण सुजत नाही. मी सुचवलं की मधलंही मशीनवर घेऊ, नाहीतर दात पाडायचा खटका असलेली दुसरी एखादी बघू. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परसात झाडांना पाणी घालायला गेलो.

या मशीनीची एक खोड सांगायची राहिली. खाली तेलाची टाकी असते आणि चालताना तेल वर चढतं. दोन-तीन दिवस बंद राहिली की सुईच्या दांड्यावर एखादा थेंब उतरून बसतो. सुरू करताना आधी चिंधीवर चार हात टीप मारून घ्यायची, हे मला मिस्त्रीनं बजावलं होतं आणि मी हिला सांगायचं विसरलो. लुगड्यांच्या वाकळीच्या तिसऱ्या चौकटीच्या कोपऱ्यावर, हिरव्या इरकलीवर, रुपयाएवढा डाग पडला. खडू, पावडर, साबण, सगळं झालं. पिवळट कडा राहिलीच.

ही काही बोलली नाही, तेच जास्त वाईट. संध्याकाळी तिनं लुगड्यांतून उरलेलं दोन फुटांचं धडपं काढलं, त्यातला काठ कापला आणि डागावर चौकोनी थिगळ लावलं. मग ते एकटं दिसू नये म्हणून उरलेल्या तीन कोपऱ्यांवर तसंच एक-एक. पुतणीच्या सासूबाईंनी वाकळ उलगडली तेव्हा पहिलं बोट त्या थिगळांवरच ठेवलं. "चारी कोपऱ्यांला काठ, काय सुरेख कल्पना!"

ही म्हणाली, "आमच्या यांची हाय ती."